बाईक चालवता ते ठीक, पण करता काय?

हेल्मेट, जॅकेट, रविवारची मिसळ आणि सोमवारी पुन्हा क्यूबिकल! बाईकवेड्यांचं पोट नेमकं कशावर चालतं? हा प्रश्न डिकीत टाकून नंदुरबार जिल्ह्यात केलेली चार दिवसांची राईड...

दोंडाईचा मागे पडलं होतं. डिसेंबरची सकाळ, हातमोज्यांच्या आतही बोटं गारठलेली. सारंगखेड्याच्या अलीकडे एका टपरीवर गाडी लावली आणि ‘कडक’ असा आवाज दिला. बाकड्यावर बसलेले एक काका उठले, माझ्या बाईकभोवती सावकाश प्रदक्षिणा घालून आले आणि म्हणाले,

“कथा चालनात भाऊ?”

अहिराणी मला येत नाही, पण एवढं कळलं. म्हटलं, “तोरणमाळ, मग धडगाव.”

“आले कुठून?”

“पुण्याहून.”

“गाडीवर?” त्यांनी टाकीवर हात ठेवून विचारलं. “एवढ्या थंडीत? अन् करता काय?”

“लिहितो. मासिकांत, पेपरात.”

“ते ठीक आहे. पण करता काय?”

टपरीवरचे सगळे हसले. मीही हसलो. पण मंडळी, खरं सांगतो, तो प्रश्न पुढचे चार दिवस माझ्या मागच्या सीटवर बसून होता.

आमचा ग्रुप, आमचे हप्ते

आधी थोडी कबुली. पुण्यात आमचा बारा जणांचा रायडिंग ग्रुप आहे. दर रविवारी पहाटे साडेपाचला भेटायचं, ताम्हिणी नाहीतर लोणावळा गाठायचं, मिसळ हाणायची, फोटो काढायचे आणि बारा वाजायच्या आत घरी परतायचं. ग्रुपचा एकच अलिखित नियम: ऑफिसचा विषय काढायचा नाही. त्यामुळे दोन वर्षं मला निम्म्या लोकांचे व्यवसायच माहीत नव्हते! शेवटी एकदा मोजले. सात जण आयटीवाले, एक सीए, एक दातांची डॉक्टर, एक बँकेत, एक एचआरमध्ये आणि मी फ्रीलान्सर. थोडक्यात काय, तर लेदर जॅकेटच्या आत सगळे इस्त्रीचे शर्टच.

बाईकवर प्रेम करायचं आणि त्यासाठी लागणारा पैसा खुर्चीत बसून कमवायचा, हा आपला शहरी फंडा. ज्यांनी तो मोडायचा प्रयत्न केला, त्यांचं काय झालं तेही पाहिलंय. ग्रुपमधला एक जण नोकरी सोडून लेह-स्पितीच्या टूर नेऊ लागला. आता तो सीझनभर दहा अनोळखी लोकांच्या गाड्यांचे पंक्चर, त्यांचं डोकं दुखणं आणि हॉटेलचं गरम पाणी सांभाळतो. स्वतःसाठी शेवटचा कधी रायडिंगला गेला होतास, असं विचारलं तर गप्प बसतो. दुसरा मोटोव्हलॉगर झाला. एका दिवसाची राईड आणि चार दिवसांचं एडिटिंग. परत खुर्चीच!

आणि मी? माझी साडेतीनशे सीसीची, तीन वर्षांच्या हप्त्यांवर घेतलेली. महिन्याला सहा हजार दोनशे. फ्रीलान्सिंगमध्ये लेख छापून येतो, कौतुकाचे मेसेज येतात, चेक मात्र आपल्या सवडीने येतो. त्या महिन्यात तीन ठिकाणचे पैसे अडकले होते. निघायच्या आदल्या रात्री मी बाईक पुसली, चार बाजूंनी फोटो काढले आणि ‘विकणे आहे’ म्हणून टाकले. म्हणजे ही राईड तशी निरोपाची होती. ग्रुपमध्ये कुणालाच सांगितलं नव्हतं.

पगाराच्या स्लिपवर बाईक

बाईकवर जगणारे लोक पुण्यात कमी नाहीत म्हणा. आकुर्डी-चाकणला बजाजचं अख्खं साम्राज्य आहे. कोथरूडच्या टेकडीवर १९६६ पासून एआरएआय ही संस्था गाड्यांच्या चाचण्या घेते. बाईकचा ब्रेक किती अंतरात लागावा, धूर किती सोडावा, यावर तिथल्या इंजिनिअर मंडळींचं घर चालतं. टेस्ट रायडर आहेत, ऑटो जर्नालिस्ट आहेत. जुनी गाडी सोलून तिची नवी मूर्ती घडवणारे मुंबईच्या ‘वर्देंची’सारखे कस्टम बिल्डर आहेत. २०२३ मध्ये नऊवारी नेसून जगाच्या सफरीला बाईकवरून निघालेल्या रमिला लटपटे याच पुण्याच्या.

पण या यादीत एक माणूस आपण कधीच धरत नाही. रात्री साडेदहाला आपली बिर्याणी घेऊन येणारा. तो दिवसाला आपल्या रविवारच्या राईडइतकं अंतर कापतो, पावसात कापतो, रॉंग साइडच्या रिक्षा चुकवत कापतो. महाराष्ट्रात २०२५ मध्ये ई-बाईक टॅक्सीच्या धोरणाला मंजुरी मिळाली, म्हणजे असे रायडर वाढतच जाणार. तरी आपण त्यांना ‘बाईकर’ म्हणत नाही. का? तर ज्याला गाडी चालवायचे पैसे मिळतात, त्याला गाडीची आवड कशी असेल, असं आपण धरूनच चालतो. आवड म्हणजे जिच्यावर पैसे उडवायचे ती!

हा समज मी नंदुरबारपर्यंत घेऊन गेलो होतो. तिथे तो पंक्चर झाला.

आता नंदुरबारच का? नकाशा उघडा. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. सहा तालुके: नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि धडगाव, म्हणजे अक्राणी. उत्तरेला नर्मदा, मधून तापी आणि दोघींच्या मध्ये सातपुडा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास, त्यात दोन तृतीयांशाहून जास्त आदिवासी. सुरत-भुसावळ रेल्वे नवापूर-नंदुरबारवरून जाते, पण सातपुड्याच्या पोटात शिरत नाही. एसटी मोठ्या गावांपर्यंत. पाडे मात्र डोंगरांच्या सोंडांवर विखुरलेले. काळीपिवळी जीप भरल्याशिवाय हलत नाही. मग उरतं काय? दोन चाकं! इथे एमएच ३९ च्या जोडीला जीजे ०५ आणि एमपी ४६ अशा पाट्याही सर्रास दिसतात. तीन राज्यं, एकच घाट.

चेतक, पण बजाजचा नव्हे

सारंगखेड्याला पोहोचलो तेव्हा यात्रा रंगात होती. तापीकाठचं हे गाव दत्तजयंतीपासून भरणाऱ्या घोडेबाजारासाठी देशभर ओळखलं जातं. अलीकडे त्याच्या जोडीने ‘चेतक फेस्टिव्हल’ही होतो. आमच्यासारख्यांना चेतक म्हटलं की बजाजची स्कूटर आठवते, इथे मात्र खरे चेतक. मारवाडी, काठियावाडी, पंजाबकडचे पांढरेशुभ्र नुकरा. लोक दात बघतात, पाय उचलून बघतात, कपाळावरचे भोवरे बघतात, रेवाल चाल काढून दाखवायला सांगतात. किंमत लाखांत. एका पठ्ठ्याचा घोडा माझ्या बाईकच्या तिप्पट किमतीचा निघाला आणि हप्ता शून्य!

तिथेच शहाद्याचा एक ऑटो कन्सल्टंट भेटला. (जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करणाऱ्याला तालुक्याच्या गावात असंच म्हणतात. पुण्यातला कन्सल्टंट वेगळा!) वय पस्तीसच्या आतबाहेर. आजोबा घोड्यांचे व्यापारी, वडलांनी राजदूत घेतली आणि घोडे सुटले, आता हा बाईक विकतो. पण यात्रेला दरवर्षी येतो. म्हणाला, “दादा, पारख तीच आहे. घोड्यात खोड बघायची, गाडीत पण खोडच बघायची.”

मी म्हटलं, मग माझ्या गाडीची बघा की. त्याने चावी घेतली, पण किक-स्टार्टरकडे गेलाच नाही. आधी सायलेन्सरवर तळहात धरला, इंजिन गार आहे ना ते बघायला. गरम इंजिनवर सगळ्याच गाड्या गोड बोलतात म्हणे! मग चालू केली, मिनिटभर नुसती ऐकली. चेन बोटाने उचलून पाहिली. हॅण्डल सरळ धरून मागून एक डोळा मिटून पाहिलं, चाकं एका रेषेत आहेत का ते. चासी नंबर आणि आरसी ताडून पाहिलं. आणि निकाल दिला, “गाडीला काही खोड नाही. खोड कागदात आहे. बँकेचं नाव चढलेलं आहे.”

त्याने सांगितलेली किंमत माझ्या जाहिरातीपेक्षा बावीस हजारांनी कमी होती. माझा चेहरा बघून त्याने चहा पाजला.

त्याच्या स्वतःच्या घरी १९९४ ची आरएक्स हंड्रेड आहे. यामाहाच्या या गाडीचं उत्पादन १९९६ मध्ये थांबलं, तेव्हापासून तिचा भाव सोन्यासारखा चढतोय. गिऱ्हाईकं येतात, पैसे दाखवतात. तो विकत नाही. दिवसभर गाड्या विकणारा माणूस संध्याकाळी एक न विकायची गाडी पुसत बसतो. माझा पहिला समज इथे गळाला.

दोन दात जास्त

शहाद्याहून तोरणमाळला एक मुक्काम केला. साडेअकराशे मीटर उंची, सातपायरी घाटाची वळणं, यशवंत तलावावर पहाटेचं धुकं... त्याबद्दल लिहायला गेलो तर दुसरा लेख होईल. तिसऱ्या दिवशी धडगावच्या वाटेवर माझा क्लच सुटेचना. एका छोट्या गॅरेजसमोर गाडी ढकलत नेली.

गॅरेजवाले पन्नाशीचे. सगळे त्यांना ‘उस्ताद’ म्हणतात, म्हणून मीही. क्लचची केबल शेवटच्या दोन तारांवर होती. माझ्या मॉडेलची मिळणार नव्हती, तेव्हा त्यांनी दुसऱ्या गाडीची घेतली, टोकाची गोळी कापून आपल्या मापाने झाळली आणि वीस मिनिटांत बसवून दिली. मजुरी ऐंशी रुपये.

तेवढ्या वेळात त्यांच्या हाताखाली आलेली प्रत्येक गाडी मी बघत होतो. सगळ्या शंभर-सव्वाशे सीसीच्या आणि एकही कंपनीतून आली तशी नव्हती. मागे लोखंडी कॅरिअर, शॉकअपना जास्त कडक स्प्रिंगा आणि मागच्या चकरीला दोन दात जास्त. हे शेवटचं मला कळलं नाही. उस्तादांनी जुनी आणि नवी चकरी शेजारी ठेवून समजावलं. मागची चकरी मोठी केली की इंजिनाला तेच ओझं ओढायला जास्त फेरे मिळतात, चढावर दम टिकतो. सपाटीवर स्पीड कमी होतो, पण इथे सपाटी आहेच कुठे? दोन पोती, नवरा-बायको आणि एक पोर घेऊन गाडी घाट चढते, ती त्या दोन दातांवर.

पुण्यात मी साडेचार हजार देऊन सायलेन्सर बदलला होता. कशासाठी? तर आवाजासाठी.

उस्तादांचं दुखणं वेगळं होतं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्स आलं आणि नव्या गाड्यांमधून कारबोरेटर गेला. आता पेट्रोल किती सोडायचं ते सेन्सर ठरवतो, आणि सेन्सर बिघडला तर तो स्कॅनर लावून वाचावा लागतो. तीस वर्षं कानाने इंजिन ओळखणाऱ्या माणसाला आता गाडीचं म्हणणं स्क्रीनवर वाचावं लागतं. पहिले सहा महिने ते नव्या गाड्यांना हातच लावत नव्हते, गिऱ्हाईक परत पाठवायचे. मग आयटीआय झालेल्या पुतण्याला दुकानात घेतलं. आता पुतण्या वाचतो आणि उस्ताद ऐकतात. दोघांचं जुळलं नाही, तर आधी कानाचं खरं मानायचं, असा दुकानाचा नियम आहे!

निघताना त्यांनी एकच बजावलं. उतारावर न्यूट्रल करायची नाही, पेट्रोल वाचवायला लोक करतात आणि ब्रेकचे लायनर जाळून घेतात. चढताना ज्या गिअरमध्ये चढलात, उतरताना त्याच गिअरमध्ये उतरा. पंधरा हजार किलोमीटर चालवूनही हे मला कुणी इतक्या सोप्या शब्दांत सांगितलं नव्हतं.

टाकीवर निळा डबा

त्याच गॅरेजवर हवा भरायला एक ताई आल्या. डोक्याला हेल्मेट, त्याखाली स्कार्फ, सलवार-कमीजवर पुरुषी जॅकेट आणि दोन पायांमध्ये, टाकीला टेकवून, पट्ट्याने बांधलेला निळा चौकोनी डबा. उस्ताद लगबगीने उठले, “या सिस्टर.” रांगेतल्या तीन गाड्या मागे राहिल्या, कुणी कुरकुरलं नाही.

डब्यात लसी होत्या. चारी बाजूंना चार आइसपॅक, मध्ये लसीच्या बाटल्या. तापमान दोन ते आठ अंश. त्याच्या खाली गेलं तरी काही लसी वाया, वर गेलं तरी वाया. सिस्टर उपकेंद्रावर आहेत. लसीकरणाच्या दिवशी पाड्यावर जायचं तर सकाळी डबा घेऊन निघायचं, आणि जीप भरायची वाट बघत बसलं तर बर्फ थांबत नाही.

“मागे का नाही बांधत?” मी विचारलं.

“मागे जास्त उडतो. इथे माझ्या गुडघ्यांत असतो. किती हादरतोय ते कळतं.”

गाडी त्या भावाच्या स्प्लेंडरवर शिकल्या, गावाबाहेरच्या माळावर, आईला न सांगता. नोकरी लागल्यावर तिसऱ्या पगारात स्वतःची घेतली. पावसाळ्यात दोनदा पडल्या, एकदा हात मोडला. डबा? “डबा नाही सोडला,” त्या म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या.

मग मी तो शहरी प्रश्न विचारला, जो विचारायला इतक्या लांब आलो होतो. “सिस्टर, एवढी रोजची दगदग. रविवारी तरी गाडीकडे बघावंसं वाटतं का?”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी काहीतरी चुकीचं बोललोय. रविवारी सकाळी गाडी त्या स्वतः धुतात. घरात दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. आणि धुऊन झाली की एक चक्कर मारतात. कुठे? कुठेच नाही. “रोज डबा असतो ना. रविवारी डबा नसतो. मग जरा वेगळी चालते ती.”

‘ती.’ आमच्या ग्रुपमध्ये बाईकबद्दल पानभर इंग्रजी कॅप्शन टाकणारे आहेत. हे एक वाक्य कुणाला सुचलेलं नाही.

गुरुजींची डायरी

धडगावहून तळोद्याकडे उतरताना चांदसैली घाट लागतो. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी आणि पावसाळ्यात कधी कुठली दरड खाली येईल याचा नेम नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये असाच रस्ता बंद झाला. तापाने फणफणलेल्या बायकोला खांद्यावर घेऊन एक नवरा पायी निघाला. ती वाचली नाही. बातमी तेव्हा राज्यभर गाजली, आपण पुण्या-मुंबईत चहा पिता पिता वाचली. घाटातल्या त्या वळणांवर उभं राहून ती आठवली तेव्हा मात्र घशात काहीतरी अडकलं. इथे ‘रस्ता कसा आहे?’ हा राईडच्या गप्पांमधला प्रश्न नाही.

घाटातल्या एका टपरीवर एक जिल्हा परिषदेचे शिक्षक भेटले. घर तळोद्याकडे, शाळा डोंगरात. येऊन-जाऊन नव्वद किलोमीटर, अठरा वर्षं. सोबत त्यांचा नेहमीचा घाटमित्र होता, बँकेचा प्रतिनिधी म्हणून पाड्यांवर फिरणारा तरुण. याच्या पाठीवरच्या सॅकमध्ये अंगठा लावायचं मशीन. वृद्धांच्या पेन्शनचे, मजुरीचे पैसे तो घरापर्यंत पोहोचवतो. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला ज्या टेंभली गावात दिलं गेलं, ते याच जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यातलं. अंगठ्याचं तंत्रज्ञान आलं, पण अंगठ्यापर्यंत रेंज पोहोचायला अजूनही गाडी टेकडीवर चढवावी लागते! कुठल्या वळणावर दोन कांड्या येतात आणि कुठल्या आंब्याखाली तीन, हे त्याला पाठ आहे.

गुरुजींनी खिशातून डायरी काढली. पहिल्या दिवसापासूनचं प्रत्येक पेट्रोल, प्रत्येक ऑइल, प्रत्येक टायर त्यात लिहिलेला. म्हणाले, “सर, तुमची गाडी किलोमीटरला काय पडते?”

मला माहीत नव्हतं. त्यांनी हिशेब मांडला. त्यांचे महिन्याला दोन हजार किलोमीटर, साठचं अ‍ॅव्हरेज, पेट्रोल शंभरीपार, म्हणजे साडेतीन हजारांच्या आसपास. किलोमीटरला पावणेदोन रुपये. आता माझा. चार रविवार, सहाशे किलोमीटर, पस्तीसचं अ‍ॅव्हरेज, अठराशेचं पेट्रोल आणि सहा हजार दोनशेचा हप्ता. आठ हजार भागिले सहाशे. किलोमीटरला तेरा रुपये तेहतीस पैसे.

“विमान बरं!” बँकवाला म्हणाला.

पण हिशेबी माणसं रुक्ष असतात असं समजू नका. याच डायरीच्या मागच्या पानांवर दिवाळीच्या सुट्ट्यांची नोंद होती. शंभर सीसीच्या, शाळेला जाणाऱ्या त्याच गाडीवर गुरुजी कन्याकुमारीला जाऊन आलेत. एकदा द्वारकेला. पुढचा नंबर लेहचा, उन्हाळ्याच्या सुट्टीत. मी म्हटलं, शंभर सीसीवर? त्यांनी खाली दरीकडे बोट दाखवलं. “हे अठरा वर्षं चढतेय ती. खारदुंगला तिला काय वेगळं सांगणार?”

सायलेन्सरच्या आवाजाबद्दल मी काही बोललो नाही.

लाल पठारावर

चौथ्या दिवशी नंदुरबार. थंडीत या शहरात शिरायला पाटीची गरज नाही, हेल्मेटच्या आत शिंक आली की समजायचं! मिरचीच्या पथाऱ्यांवर लाल रंगाचे एकरच्या एकर पसरलेले, बायका तोंडाला पदर बांधून मिरची वर-खाली करतायत. मी कडेला बाईक उभी केली, फोटो काढला आणि तेवढ्यात फोन वाजला. पुण्याहून गिऱ्हाईक. जाहिरात बघितली म्हणे, भाव थोडा कमी करा, उद्या घेतो.

खरं सांगू? चार दिवसांपूर्वी हा फोन आला असता तर मी रडवेला झालो असतो. ‘आता मी बाईकर उरलो नाही’ असं वाटलं असतं. पण आता डोळ्यांसमोर निळा डबा होता, दोन दात जास्त असलेली चकरी होती आणि तेरा रुपये तेहतीस पैसे होते. या चार दिवसांत भेटलेल्या एकाच्याही गाडीला माझ्या गाडीची निम्मी किंमत आली नसती. आणि गाडीवर त्यांच्याहून जास्त जीव असलेला माणूस मला आमच्या रविवारच्या बारा जणांत दाखवता आला नसता, मी धरून.

आपण शहरात आवड आणि पोट यांना वेगवेगळ्या खोल्यांत ठेवतो. पोट सोमवार ते शुक्रवार, आवड रविवारी. आणि भीती अशी की दोघं एका खोलीत आले तर आवड मरेल. माझ्या टूरवाल्या मित्राची मरत चाललीय, हे खरंच आहे. पण सिस्टरांची मेली नाही, गुरुजींची नाही, उस्तादांची नाही. फरक काय, यावर मी परतीच्या साडेचारशे किलोमीटरमध्ये विचार केला. मला वाटतं, मित्राने आवडच विकायला काढली. या लोकांनी आवड विकली नाही, ती कामाला जुंपली. गाडी त्यांना लसीपर्यंत, शाळेपर्यंत, अंगठ्यापर्यंत नेते. पैसे त्या कामाचे मिळतात. गाडीची मजा वर शिल्लक राहते, रविवारची चक्कर म्हणून.

आणि हो, हे चित्र गुलाबी करायचं नाहीये. सिस्टरांचा मोडलेला हात गुलाबी नाही. रस्ता धड असता, जीप वेळेवर असती, तर त्यांनी डबा गुडघ्यात धरून घाट चढावा असं कुणीच म्हटलं नसतं. गाडीवरचं प्रेम ही त्यांची कमाई, रस्ता नसणं ही आपली उधारी.

बाईक विकली. कर्ज फिटलं, बँकेचं नाव आरसीवरून उतरलं, हातात थोडे उरले. महिन्याभराने एसटीने शहाद्याला गेलो. माझ्या ऑटो कन्सल्टंटने एक दीडशे सीसीची काढून ठेवली होती. सहा वर्षं जुनी, एकहाती वापरलेली. आधी मी सायलेन्सरवर हात ठेवला, गार होता. मग मिनिटभर ऐकली. मागून एक डोळा मिटून चाकं बघितली. तो नुसता हसत होता. हप्ता नाही, घासाघीस थोडी, कागद साफ. मागच्या चकरीला दोन दात जास्त आहेत, ते तसेच ठेवलेत. आता माझ्या लेखांसाठी मी स्वतः हिंडतो, एका खेपेत दोन-तीन विषय गाठतो आणि दर किलोमीटरचा हिशेब डायरीत लिहितो. श्रीमंत झालो नाही. पण गेल्या चार महिन्यांत गाडीने माझ्याकडे पैसे मागितले नाहीत, उलट मिळवून दिले.

नवी-जुनी गाडी घेऊन परतताना सारंगखेड्याच्या पुढे त्याच टपरीवर थांबलो. काका तिथेच होते, त्याच बाकड्यावर. उठले, प्रदक्षिणा घातली, एमएच ३९ च्या पाटीशी थांबले. चहावाल्याला म्हणाले, “यांना कडक दे.”

करता काय, ते या वेळी त्यांनी विचारलं नाही.

राईडला निघताय?

• कसं जाल: पुणे-नाशिक-मालेगाव-धुळे-दोंडाईचा-सारंगखेडा-शहादा. एका दिवसात ओढू नका, धुळ्याला मुक्काम करा. रेल्वेने यायचं तर सुरत-भुसावळ मार्गावर नंदुरबार. नवापूर स्टेशन तर अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत!

• कधी जाल: दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याचा घोडेबाजार आणि मिरचीचा हंगाम, दोन्ही साधतात. होळीला काठीची राजवाडी होळी. पावसाळ्यात सातपुडा देखणा, पण घाटात दरडींचा धोका. स्थानिकांना विचारल्याशिवाय चढू नका.

• सोबत काय: क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटरची जादा केबल, पंक्चर किट, रोख पैसे (रेंज नसेल तिथे यूपीआय चालत नाही) आणि टाकी शहाद्यातच फुल्ल.

• काय टाळाल: पाड्यांवर विचारल्याशिवाय फोटो, घाटात हॉर्नबाजी आणि उतारावर न्यूट्रल!